चिखलाने काय राखले? : मुंबईचे 'बेडूक-थर' आणि मृदू शरीराच्या जीवाश्मीकरणाचा प्रश्न

प्रास्ताविक

अंधेरी पश्चिमेला दाट वस्तीच्या मधोमध गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा कातळ उभा आहे. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून कड्यावर बेसाल्टचे उभे स्तंभ स्पष्ट दिसतात. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने या टेकडीला वारसा-स्थळाचा दर्जा दिला. तत्पूर्वी २००१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खडकाचे वय आर्गॉन पद्धतीने मोजून सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे असल्याचे दाखवून दिले होते. अंधेरीच्या भूशास्त्रीय वारशाची चर्चा बहुधा या कातळापाशी सुरू होते आणि तेथेच संपते.

वस्तुतः गिल्बर्ट हिलच्या उत्तरेस, अंधेरी आणि जोगेश्वरी यांच्यामधील आंबोली येथे दगडखाणीच्या खोदकामात एक वेगळाच खडक उघडा पडला होता. तो लाव्ह्याचा नसून गाळाचा होता. दोन लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान, ज्वालामुखी काही काळ शांत असताना तळ्यात साचलेल्या चिखलाचा हा खडक होय. मराठी भूशास्त्रीय लेखनात अशा थरांना 'अंतरा-ट्रॅपी थर' म्हणतात. मुंबईत हेच थर दक्षिणेला वरळी व मलबार हिलच्या पायथ्याशीही आढळले आणि वरळीच्या थरांतून एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म निघाले. भूशास्त्राच्या इंग्रजी वाङ्मयात त्यांचा उल्लेख 'फ्रॉग बेड्स' असा झाला. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'बेडूक-थर' हा शब्द वापरला आहे.

या बेडकांचा अभ्यास १८४७ पासून सुरू आहे. या काळात त्यांचे नाव बदलले, कूळ बदलले, वयही बदलले. हे बदल केवळ अभ्यासकांच्या मतभेदांमुळे झाले असे सामान्यतः मानले जाते. परंतु मुळाशी जाऊन पाहिल्यास या मतभेदांचे मोठे कारण खुद्द त्या चिखलात दडलेले आहे. चिखलाने बेडकाचे हाड राखले. मांस, कूर्चा आणि त्वचा राखली नाही. बेडकांचे वर्गीकरण मात्र बऱ्याच अंशी मांस आणि कूर्चा यांच्यावर उभारलेले होते.

मृत शरीराचे काय होते

जीवाश्म होणे हा निसर्गातील नियम नसून अपवाद आहे. प्राणी मरताच त्याच्या आतड्यांतील जीवाणू त्याच्याच शरीरावर काम सुरू करतात. बाहेरून मासे, किडे, गोगलगाई आणि पाण्यातील इतर भक्षक येतात. शंख, शिंपला, दात, हाड असे खनिजयुक्त भाग टिकतात. उरलेले शरीर काही दिवसांत वा आठवड्यांत नाहीसे होते. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत शंखशिंपले विपुल, तर जेलीफिश, गांडुळे वा अळ्या क्वचितच आढळतात.

मृदू शरीर टिकण्यासाठी काही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. शरीर लवकर गाडले गेले पाहिजे, म्हणजे भक्षकांच्या हाती लागणार नाही. गाळ अतिशय बारीक असला पाहिजे, कारण वाळूत पाणी खेळते आणि ठसाही उमटत नाही. तळाशी प्राणवायू नसावा किंवा अत्यल्प असावा. यापैकी शेवटच्या अटीविषयी एक गैरसमज पाठ्यपुस्तकांतून बराच काळ चालत आला आहे. प्राणवायू नसला की कुजणे थांबते, असे त्यात सूचित केलेले असते. प्रत्यक्षात प्राणवायूविना जगणारे जीवाणूही शरीर कुजवतातच. प्राणवायूच्या अभावाचा खरा लाभ असा, की तळ उकरणारे प्राणी तेथे जगू शकत नाहीत आणि चिखलातील रसायनक्रिया वेगळे वळण घेते. ब्रिटनमध्ये डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा किअर यांनी १९९३ च्या सुमारास समुद्री कृमी आणि कोळंबी प्रयोगशाळेत मुद्दाम कुजवून पाहिल्या. या प्रयोगांमधून स्पष्ट झाले ते असे, की कुजणे आणि खनिज बनणे ही एकाच वेळी चाललेली शर्यत असते. स्नायू विरघळण्याआधी त्याच्या जागी कॅल्शियम फॉस्फेट जमले तर स्नायूचा तंतूही दगडात उतरतो; नाही जमले तर काहीच उरत नाही. म्हणजे ज्या जीवाणूंनी शरीर नष्ट करायचे, त्यांच्याच कामामुळे भोवतालच्या पाण्याची आम्लता बदलते आणि कधीकधी तेच शरीर खनिजरूपाने राखले जाते.

बेडूक हा या दृष्टीने मधला प्राणी आहे. त्याला हाडे आहेत, परंतु ती बारीक व पोकळ. त्वचा पातळ आणि सतत ओलसर. छातीच्या पट्ट्याचा बराच भाग कूर्चेचा. उबदार पाण्यात मेलेला बेडूक फुगतो आणि तरंगू लागतो. तरंगत असताना त्याचे पाय, जबडा, बोटे एकेक करून गळून तळाशी निरनिराळ्या ठिकाणी पडतात. म्हणून सांगाडा जुळलेल्या अवस्थेत सापडणे, हीच मुळात त्या तळ्याविषयीची एक साक्ष असते.

वरळीचा बेडूक : १८४७ ते १९४०

मुंबई बेटाच्या भूशास्त्राकडे प्रथम लक्ष गेले ते अभियंते आणि वैद्यक व्यावसायिकांचे. जॉर्ज टी. क्लार्क हे रेल्वेच्या आखणीशी संबंधित असलेले अभियंते होते. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी क्लार्क यांनी बेटाच्या खडकांची पाहणी करून लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे माहिती पाठवली. १८४७ साली त्या संस्थेच्या त्रैमासिकात ती प्रसिद्ध झाली आणि तिला जोडून रिचर्ड ओवेन यांचे एक टिपण आले. 'डायनोसॉर' या संज्ञेचे जनक असलेल्या ओवेन यांनी मुंबईच्या या लहानग्या प्राण्याला 'राना पुसिला' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'पुसिला' म्हणजे चिमुकली. 'राना' ही युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या नेहमीच्या बेडकाची प्रजाती. ओवेन यांनी सर्वांत परिचित असलेला कप्पा निवडला, एवढेच त्या नावावरून कळते.

यानंतरचे महत्त्वाचे नाव हेन्री जॉन कार्टर यांचे. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५२ साली त्यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर विस्तृत निबंध लिहिला आणि १८५७ मध्ये 'जिऑलॉजिकल पेपर्स ऑन वेस्टर्न इंडिया' हे संकलन संपादित केले. वरळीच्या गोड्या पाण्यातील कासवाचे वर्णन त्यांनीच केले आणि त्याला डॉ. लीथ यांचे नाव दिले. पुढे या कासवाची प्रजाती स्वतंत्र ठरली, तेव्हा तिला कार्टर यांच्या स्मरणार्थ 'कार्टरेमिस' म्हटले गेले. आज ते 'कार्टरेमिस लीथी' म्हणून ओळखले जाते. एका प्राण्याच्या नावात मुंबईचे दोन डॉक्टर कायमचे जाऊन बसले आहेत.

बेडूक आणि कासव यांच्या जोडीला या थरांत 'सायप्रिस' वर्गातील ऑस्ट्रॅकोड मोठ्या संख्येने आढळले. ऑस्ट्रॅकोड म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारे, तिळाहूनही लहान कवचधारी जलचर. त्यांचे मऊ शरीर नाहीसे झाले, चुन्याच्या झडपा उरल्या. १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी भारतीय भूशास्त्राचा जो प्रमाणग्रंथ सिद्ध केला, त्यात मुंबईच्या या थरांपैकी सर्वांत जाड थर शंभर फुटांहून अधिक असल्याची नोंद आहे. करडे, हिरवट व तपकिरी शेल आणि मधूनच काळपट, डांबरट पट्टे असे त्यांचे स्वरूप होते.

१८६९ साली फर्डिनांड स्टोलिच्का यांनी भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या प्रकाशनात या बेडकाच्या हाडांवर टिपण लिहिले आणि त्याला 'राना'मधून काढून 'ऑक्सिग्लॉसस' या दक्षिण व आग्नेय आशियातील लहान बेडकांच्या प्रजातीत ठेवले. युरोपीय कप्प्यातून बेडूक आशियाई कप्प्यात आला. भूगोलाच्या दृष्टीने हा निर्णय अधिक समंजस होता, हे मान्य करावे लागेल.

यानंतर सहा दशके फारसे काही घडले नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील जी. के. नोबल यांनी मुंबईच्या बेडकांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला आणि 'इंडोबॅट्रॅकस' ही नवी प्रजाती स्थापन केली. नोबल यांच्या मते या बेडकाचे जवळचे नातेवाईक ना युरोपात होते ना आशियात. ते ऑस्ट्रेलियात, 'क्रिनिया' या लहान बेडकांच्या गटात होते. १९४० मध्ये जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वरळी टेकडीवरील आणखी एका जीवाश्म बेडकाची नोंद केली. 'इंडोबॅट्रॅकस ट्रिव्हियालिस' हे त्याचे नाव. लंडन, कलकत्ता, न्यूयॉर्क असा प्रवास करून वरळीच्या बेडकाचा अभ्यास अशा रीतीने मुंबईच्याच एका नियतकालिकात परतला.

नावाचा वाद आणि हरवलेली कूर्चा

युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया असा तीन खंडांचा प्रवास एकाच जीवाश्माला का करावा लागला? उत्तरासाठी बेडकांच्या वर्गीकरणाची पद्धत थोडी समजून घेणे आवश्यक आहे.

बेडकाच्या छातीत खांद्याची हाडे दोन्ही बाजूंनी येऊन मध्यरेषेवर मिळतात. 'राना'सारख्या बेडकांत ती मध्यभागी घट्ट जोडलेली असतात. इतर अनेक कुळांत दोन्ही बाजूंच्या कूर्चा एकमेकींवर चढलेल्या, सरकत्या असतात. बेडकांच्या मोठ्या गटांची विभागणी दीर्घकाळ या भेदावर आधारलेली होती. दुसरे लक्षण पाठीच्या मणक्यांचे. मणक्यांचे कोणते टोक खोलगट आणि कोणते फुगीर, तसेच मणक्यांमधील गादी स्वतंत्र आहे की मणक्याला चिकटलेली, यावरून कुळे ठरत. नोबल यांनी १९२२ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात यात तिसऱ्या लक्षणाची भर घातली होती, ती मांडीच्या स्नायूंच्या रचनेची.

ही तीन लक्षणे एकत्र पाहिली की अडचण लगेच ध्यानात येते. पहिल्या लक्षणाचा गाभा कूर्चेचा, दुसऱ्यातील मणक्यांमधली गादी कूर्चेची, तिसरे तर निव्वळ मांसाचे. ज्या अभ्यासकाने जिवंत बेडकांची कुळे स्नायूंवरून लावली, त्यालाच मुंबईच्या बेडकाचे कूळ स्नायूंशिवाय ठरवायचे होते. हाडांचा आकार, प्रमाण आणि टोकांची ठेवण पाहून कूर्चा कशी असावी याचा अंदाज बांधणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता. दबून चपट्या झालेल्या इवल्याशा सांगाड्यात हा अंदाज किती निसरडा असतो, हे सांगण्याची गरज नाही. नोबल यांच्या निष्कर्षाला महत्त्व आहेच. तथापि तो निष्कर्ष जीवाश्मात जे आहे त्यावर जितका, तितकाच जे नाही त्याच्या अनुमानावर उभा आहे.

१९८५ मध्ये झ्डेनेक श्पिनार आणि होद्रोव्हा या चेक अभ्यासकांनी 'इंडोबॅट्रॅकस'चा पुन्हा अभ्यास केला. श्पिनार यांचे नाव येथे विशेष उल्लेखनीय ठरते. बोहेमियातील बेख्लेयोव्हित्से येथील प्राचीन ज्वालामुखी प्रदेशातल्या तळ्याच्या गाळातून त्यांनी बेडकांचे जीवाश्म काढले होते आणि त्यांत बेडूकमाशांच्या वाढीच्या क्रमवार अवस्थाही होत्या. बेडूकमासा म्हणजे जवळजवळ निव्वळ मऊ शरीर. त्याचे हाड अजून बनायचे असते. अशा प्राण्याची बाह्याकृती जेथे टिकली, तेथील चिखल वरळीच्या चिखलाहून निश्चितच वेगळा होता. दोन्ही ठिकाणी ज्वालामुखी, दोन्ही ठिकाणी तळे, दोन्ही ठिकाणी बेडूक. तरी एका ठिकाणी बेडकाचे बालपणही उरले आणि दुसरीकडचा सर्व युक्तिवाद प्रौढ बेडकाच्या हाडांवरच चालत राहिला.

आंबोली-वरळीचे तळे

वरळीच्या चिखलाचे मूल्यमापन करताना त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांवर बेडकाचे वर्णन आधारले आहे ते सांगाडे बव्हंशी जुळलेल्या अवस्थेतील होते. म्हणजे मेलेले बेडूक फार काळ तरंगत राहिले नाहीत. तळाशी प्रवाह नव्हता आणि सांगाडे विस्कटणारे प्राणीही फारसे नसावेत. डांबरट काळ्या पट्ट्यांतून हेच सूचित होते. वनस्पतींचा आणि शेवाळाचा अंश पूर्ण न कुजता साचला, तरच शेलला असा रंग येतो. तेव्हा निदान काही काळ तरी या तळ्याच्या तळाशी प्राणवायूची वानवा होती, असे अनुमान करता येते.

मग मांस का टिकले नाही? याचे निश्चित उत्तर देणे कठीण असले तरी वर सांगितलेल्या शर्यतीच्या संदर्भात काही गोष्टी मांडता येतात. उष्ण कटिबंधातील उथळ पाण्यात कुजण्याचा वेग मोठा असतो. त्या काळी भारतीय भूखंड आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता आणि हवामान उष्ण होते. अशा पाण्यात गाळाचा थर पुरेशा वेगाने बसला नाही, तर हाडे जागच्या जागी राहतात, परंतु खनिज बनण्याआधी स्नायू संपतात. त्यातही नंतर वरून आलेल्या लाव्ह्याच्या उष्णतेने व वजनाने शेल दाबले गेले. जे थोडेफार उरले असेल त्यावर या दाबाचा परिणाम झालाच असणार.

आंबोलीच्या खाणीतील थरांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. एस. डी. सिंग, अशोक साहनी आणि यूजीन गॅफनी यांनी १९९८ मध्ये वरळी आणि आंबोली या दोन्ही ठिकाणच्या सरीसृपांचा एकत्रित पुनर्विचार केला. त्यानंतर २००५ मध्ये क्रिप्स, विडोसन, स्पाइसर आणि जॉली यांनी मुंबईच्या या गाळातील परागकण व सेंद्रिय कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीनुसार हे केवळ डोंगराळ पठारावरचे डबके नसून किनाऱ्यालगतची परिसंस्था होती. परागकण हीसुद्धा जीवाश्मीकरणाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. परागकणाचे बाह्य आवरण ज्या सेंद्रिय द्रव्याचे बनते ते विलक्षण चिवट असते. हाड विरघळेल अशा आम्लातही ते टिकते. प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करून खडक आम्लात विरघळवून परागकण वेगळे काढतात. ज्या चिखलाने बेडकाचा स्नायू राखला नाही, त्यानेच फुलाची धूळ जशीच्या तशी राखली. 'मऊ' आणि 'टिकाऊ' हे शब्द परस्परविरोधी नाहीत, हे अंधेरीजवळच्या एका खाणीतून असे स्पष्ट होते.

इतरत्रचा गाळ

तुलनेसाठी जर्मनीतील मेसेल येथील खाण पाहता येईल. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या स्फोटातून बनलेल्या खोल विवरात तळे साचले. त्याच्या तळाशी प्राणवायू नव्हता. तेथील तेलशेलमध्ये प्राण्यांच्या शरीराची बाह्याकृती, केस, पिसे, पोटातील अन्न यांच्या खुणा टिकल्या. वरळीच्या आणि मेसेलच्या तळ्यांतील मुख्य फरक खोलीचा असावा. या खाणीत कचरा टाकण्याची योजना एकेकाळी आखली गेली होती, पण १९९१ साली हेसेन राज्याने ती जागा विकत घेतली आणि १९९५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा घोषित केले.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे, ते नागपूरजवळच्या टाकळीचे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात तेथील अंतरा-ट्रॅपी थरांचा अभ्यास केला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव याच हिस्लॉप यांच्यावरून आले आहे. नागपूर आणि त्याला लागून असलेल्या छिंदवाडा भागातील या थरांत शेलच्या जोडीला 'चर्ट' हा सिलिकायुक्त कठीण दगड सापडतो. लाव्ह्यातून पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतींच्या पेशींत शिरून घट्ट झाली. परिणामी छिंदवाड्यातील मोहगाव कलान येथील चर्टमध्ये फुले, फळे आणि पाणनेचे यांच्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. बिरबल साहनी आणि त्यांच्या समकालीनांनी या वनस्पतींवर केलेले काम सर्वश्रुत आहे. प्राण्यांच्या बाबतीत मात्र याच थरांनी 'फायसा' वर्गातील गोगलगाईंचे शंख दिले, गोगलगाई दिल्या नाहीत. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नसते. सिलिका पोहोचेपर्यंत वाट पाहण्याची क्षमता पहिलीत अधिक.

मृदू शरीराच्या ठशांबाबत घाई केल्यास काय होते याचेही एक अलीकडचे उदाहरण नोंदवणे उचित ठरेल. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रय १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी प्रकाशात आणले. तेथील एका गुहेच्या छतावर 'डिकिन्सोनिया' या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या मृदुदेही प्राण्याचा ठसा असल्याचा दावा २०२१ मध्ये ग्रेगरी रेटॅलॅक व सहकाऱ्यांनी केला. या दाव्यावर त्या खडकाचे वयच बदलण्याची वेळ आली होती. जोसेफ मीर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा तो 'ठसा' दगडावरून सुटू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि रेटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली. चूक मान्य करण्याची ही तत्परता दाद देण्याजोगी आहे. वरळीच्या बेडकाच्या बाबतीत अशी चूक संभवत नव्हती, कारण त्याला निदान हाडे होती.

वयाचा प्रश्न

बेडूक-थरांचे वय हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. दख्खनचे लाव्हाप्रवाह क्रिटेशियस काळाच्या अखेरचे की त्यानंतरच्या इओसीन काळाचे, यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठी चर्चा झाली. बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या आधारे इओसीन काळाची बाजू मांडली होती. श्पिनार व होद्रोव्हा यांनीही १९८५ मध्ये मुंबईच्या बेडकांना इओसीनच मानले.

आज हे चित्र बदलले आहे. सह्याद्रीच्या मुख्य भागातील लाव्ह्याचा मोठा साठा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्या आसपासच्या काळातील आहे. मुंबईचे खडक त्यानंतरचे. कांचन पांडे, यतीश आणि शेठ यांनी २०१७ मध्ये मुंबईच्या लाव्ह्याचे वय सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षे असल्याचे दाखवले आणि त्याचा संबंध सेशेल्स भूखंड भारतापासून तुटण्याच्या घटनेशी जोडला. क्रिप्स आणि सहकाऱ्यांनी परागकणांवरून आंबोली-वरळीच्या गाळाला डेनियन, म्हणजे डायनोसॉरांनंतरच्या पहिल्या कालखंडात ठेवले होते. त्याला हे वय पूरक आहे.

यामुळे वरळीच्या बेडकाचे महत्त्व वाढले. हा प्राणी महाविनाशानंतर, ज्वालामुखी पूर्ण शमलेला नसताना, भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून दूर जाण्याच्या काळात येथे जगत होता. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी केरळच्या सह्याद्रीतून 'नासिकाबॅट्रॅकस' या बेडकाचे वर्णन केले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, हे डीएनएच्या आधारे सिद्ध झाले. साहजिकच वरळीचा बेडूक या जुन्या वंशांपैकी कोणाच्या जवळचा, हा प्रश्न आता अधिक अर्थपूर्ण झाला आहे. तथापि नासिकाबॅट्रॅकसचे नाते ज्या साधनाने ठरले ते वरळीच्या बेडकाबाबत उपलब्ध नाही, आणि ज्या कूर्चेवरून नोबल यांना ते ठरवता आले असते ती चिखलाने राखलेली नाही. उरतो एकच मार्ग : अधिक नमुने. शेकडो सांगाड्यांपैकी एखाद्यात छातीचा पट्टा न दबता टिकलेला असू शकतो. एखाद्या पट्ट्यात गाळ अधिक वेगाने साचलेला असू शकतो. आधुनिक क्ष-किरण त्रिमितीय चित्रणाने शेल न फोडता आतील हाड पाहता येते. ओवेन वा नोबल यांना ही सोय नव्हती.

थर आणि शहर

बेडूक-थर मुंबईकरांना कधीही नैसर्गिक कड्यावर सहज दिसले नाहीत. शेल मऊ असते, पावसाने झिजते, माती होऊन झाकले जाते. ते उघडे पडले ते खोदकामामुळे. वरळीला एकोणिसाव्या शतकातील बांधकामांनी, आंबोलीला खडीसाठी चाललेल्या दगडखाणीने. या थरांविषयीचे जवळजवळ सर्व ज्ञान शहराच्या वाढीतून मिळालेले आहे, आणि ते थर झाकले गेले तेही त्याच वाढीमुळे. खाणीला कातळ हवा असतो. मधला मऊ शेल तिच्या दृष्टीने अडथळा आणि राडारोडा. गिल्बर्ट हिलचा कातळ वारसा ठरला याचे एक कारण तो उंच आहे आणि लांबून दिसतो हे असावे. त्याच्याच परिसरातल्या चिखलाच्या थराला असा दर्जा मिळण्यासाठी आधी तो कोणाला तरी दिसावा लागेल.

वरळी टेकडी आज इमारतींनी व्यापलेली आहे. तिच्या परिसरातून जाणारी आरे ते कफ परेड ही मेट्रो मार्ग ३ ची भुयारी वाहिनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यात जुन्या इमारतींच्या जागी नवे मनोरे उभे राहत असून प्रत्येकाच्या पायासाठी आधी बोअर घेतले जातात. बोअरमधून निघालेले दगडाचे लांबट गाभे लाकडी पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात, त्यांवर खोली लिहिलेली असते आणि खडकाचे नाव व त्याची ताकद नोंदवहीत उतरवली जाते. इमारतीचा पाया कोठे बसवायचा हे ठरले की त्या पेट्यांचे काम संपते. त्यांतील शेलचा एखादा तुकडा पाण्यात भिजवून चाळणीतून धुतला, तर ऑस्ट्रॅकोडच्या झडपा साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू शकतात. एवढी साधने उपनगरातील बहुतेक विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत. कोणत्या खोलीवर, कोणत्या गल्लीखाली तळ्याचा गाळ आहे याचा नकाशा अशा नोंदींतून तयार होऊ शकेल. वरळीचे आणि आंबोलीचे तळे एकच होते की दोन, हे ठरवण्यास आरंभ तेथूनच करावा लागेल.